पाठ टेकली म्हणजे कुस्ती संपली?

गेल्या हिवाळ्यात मिसिसागात एका मित्राकडे जेवणं उरकली आणि गप्पांची गाडी स्केटिंगवर आली. कॅनडातल्या मराठी घरांत हे आता नवं राहिलेलं नाही. पहिली दहा वर्षं आपण इथे राहून क्रिकेटच बघतो. मग मुलं रिंकवर जायला लागतात आणि त्यांच्यामागून आपणही. तर एकाने फोन काढला आणि बारा-पंधरा सेकंदांची एक चित्रफीत सगळ्यांना दाखवली. कॅनडाचा फिगर स्केटर पॅट्रिक चॅन उडी मारतो, तिरका उतरतो, बर्फावर आपटतो, उठतो, थोड्या वेळाने पुन्हा आपटतो. आणि पुढच्याच दृश्यात त्याच्या गळ्यात जागतिक अजिंक्यपदाचं सुवर्णपदक. "अरे, दोनदा बूड टेकलं त्याचं, तरी पहिला नंबर? हा कसला खेळ?" सगळे हसले, मीही हसलो असेन. पण परतताना गाडीत ते हसू टोचत राहिलं. हा वाद मी दहा-बारा वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तो तिथेच, त्या बुडापाशीच, संपतो. इंग्रजी चाहत्यांनी तर त्याच्या आडनावाला महागाईचं शेपूट जोडून 'चॅनफ्लेशन' असा शब्दच पाडला. म्हणजे चॅन बर्फावर उतरला की गुणांची चलनवाढ होते म्हणे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांची सुटका होईल. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदं चॅनने जिंकली. त्यातल्या एकाबद्दल प्रामाणिक शंका घेता येते, आणि ती मी पुढे घेणारही आहे. बाकी "पडूनही जिंकला" हे वाक्य आरोप म्हणून उभंच राहत नाही. पडणं ही या खेळातली सगळ्यात ठळक दिसणारी चूक आहे, सगळ्यात मोठी नव्हे. आपल्याला, म्हणजे चार वर्षांतून एकदा टीव्हीपुढे बसणाऱ्यांना, तेवढी एकच चूक ओळखता येते. म्हणून आपण तिला देहदंड मागतो.

आपल्या मराठी डोक्यात पडण्याचा अर्थ कुठून आला असावा, याचा विचार करताना मला आखाडा आठवतो. लाल मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की विषय संपला. त्याआधीची वीस मिनिटं तुम्ही समोरच्याला कसंही फिरवलेलं असो, चितपट म्हणजे चितपट. त्यात एक निर्मळ न्याय आहे, मलाही तो आवडतो. पण मॅटवरच्या गुणांच्या कुस्तीत चितपट न होताही निकाल लागतो. तिथे एक डाव गमावलेला पैलवान शेवटी जिंकतो आणि कोणी त्याला चोर म्हणत नाही. फिगर स्केटिंग हा चितपटीचा खेळ कधीच नव्हता. त्याची बेरीज असते, आणि बेरजेत एक रकाना उणे असला तरी एकूण अधिक येऊ शकतं. दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात उत्तर चुकलं पण रीत बरोबर असली तर मास्तर गुण देत होतेच ना? तेव्हा आपण त्यांना पक्षपाती म्हटलं नव्हतं. उलट ते गुण मोजून घेत होतो.

मग चॅनच्या रकान्यात असं काय होतं, जे पडण्याला पुरून उरायचं? इथे थोडं थांबावं लागेल, कारण नेमकं हेच त्या चित्रफितीत नसतं. स्केटच्या पात्याचा तळ सपाट नसतो. त्याला मधोमध लांबीभर खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन धारा, आतली आणि बाहेरची. स्केटर त्यांना 'एज' म्हणतात. आपण धारच म्हणू, शब्द फार नेमका आहे. उत्तम स्केटर सपाट चालत नाही, तो कायम कुठल्या तरी एका धारेवर कललेला असतो. धार जितकी खोल रुतते तितका वळणाचा वेग टिकतो. गुडघा जितका मऊ तितका पायाखालचा जोर दिसत नाही. मुलीला पहाटे सहाला रिंकवर नेऊन मी बाकावर कुडकुडत बसायचो, तेव्हा एक गोष्ट कळली: सामान्य स्केटर वेग घेण्यासाठी पावलामागून पाऊल टाकत, धापा टाकत जातो आणि त्याच्या पात्यांचा खरखराट ऐकू येतो. चॅन दोन-तीन ढकलीत पूर्ण रिंकचं टोक गाठायचा. प्रत्यक्ष बघणाऱ्यांना धक्का बसायचा तो याचा. पडद्यावर वेग दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याबरोबर फिरतो. पडणं मात्र कॅमेऱ्याला छान दिसतं.

ही धार त्याच्याकडे आली कुठून, तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओटावात जन्मलेल्या या मुलाला लहानपणी शिकवलं ते ऑसबॉर्न कोल्सन यांनी. कोल्सन १९३६ आणि १९३७ मध्ये कॅनडाचे राष्ट्रीय विजेते होते. म्हणजे ज्या काळात स्केटिंगचा अर्थ बर्फावर आठाचा आकडा रेखणं आणि पुन्हा त्याच रेघेवरून जाणं असा होता, त्या काळातला माणूस एकविसाव्या शतकातल्या मुलाला शिकवत होता. आठाचे आकडे काढण्याचा तो अनिवार्य भाग १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेला, पण कोल्सन यांच्या डोक्यातून तो गेला नसावा. २००६ मध्ये ते वारले तेव्हा चॅन पंधरा वर्षांचा होता, आणि तोवर पायाची जी घडण व्हायची ती होऊन गेली होती. आपल्याकडे एखाद्या गायकाचा षड्ज ऐकून जाणकार म्हणतात ना, की याचा गुरू जुन्या वळणाचा असणार? तसंच.

आता त्या अनिवार्य आकड्यांचा इतिहास बघा, म्हणजे "पूर्वी कसा न्याय होता" या उसाशाचं काय ते ठरेल. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शुबाने सुवर्णपदक जिंकलं. आकड्यांत ती इतकी पुढे होती की फ्री स्केटमध्ये, म्हणजे संगीतावरच्या उड्या-गिरक्यांच्या मोठ्या कार्यक्रमात, सातवी येऊनही पहिली राहिली. लोकांनी टीव्हीवर फक्त फ्री स्केट पाहिलं होतं. आकडे रिकाम्या रिंकमध्ये, परीक्षक वाकून रेघा तपासत असताना झाले होते. प्रेक्षक चक्रावले. लगेच १९७३ पासून शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे ठरावीक उड्या-गिरक्यांचा छोटा कार्यक्रम, आला आणि आकड्यांचं वजन कमी झालं. त्याच वर्षांत कॅनडाचा टोलर क्रॅन्स्टन १९७२ आणि १९७४ च्या जागतिक स्पर्धांत फ्री स्केटमध्ये पहिला येत होता, आणि आकड्यांत मागे पडल्यामुळे जागतिक विजेता मात्र कधीच झाला नाही. म्हणजे एकदा धारेने नाट्याला हरवलं, मग नाट्यप्रेमींनी नियम बदलून घेतला. या खेळात नियम नेहमीच असे कोणाच्या तरी नाराजीतून जन्मतात. चॅन ज्या पद्धतीत जिंकला तीही अशीच जन्मली, आणि गंमत म्हणजे ती नाराजी कॅनडाचीच होती. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिए दुसरे आले, फ्रेंच परीक्षक बाईंवर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर पडलं, आणि शेवटी कॅनेडियन जोडीलाही वेगळं सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी ६.० ची पद्धत मोडीत निघाली आणि प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला वेगळी किंमत देणारी आजची पद्धत आली.

आता या पद्धतीचं गणित. २०१०-११ च्या हंगामात चार फेऱ्यांच्या 'टो लूप' उडीची, म्हणजे क्वाडची, मूळ किंमत १०.३ होती. फेऱ्या पूर्ण करून तुम्ही उतरताना पडलात तर परीक्षक जास्तीत जास्त ३ कापत, उरले ७.३. पडल्याबद्दल आणखी एक गुण वजा, उरले ६.३. आणि तीन फेऱ्यांची 'लुट्झ' तुम्ही स्वच्छ, नेटकी मारलीत तर तिची मूळ किंमत किती? ६.०. पुन्हा वाचा. पडलेली क्वाड उभ्या लुट्झपेक्षा महाग होती! हे चॅनने ठरवलं नव्हतं. हे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जाणूनबुजून ठरवलं होतं, आणि त्यालाही एक नाराजीच कारण होती. २००८ मध्ये कॅनडाचाच जेफ्री बटल एकही क्वाड न मारता जागतिक विजेता झाला आणि फ्रान्सचा ब्रायन झुबेर चिडला. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या इव्हान लायसॅकने क्वाडशिवाय रशियाच्या प्लुशेंकोला हरवलं तेव्हा तर रशियापासून कॅनडापर्यंत हलकल्लोळ झाला. कॅनडाचा तीन वेळचा जागतिक विजेता एल्व्हिस स्टॉयको स्वतः त्या निकालावर तुटून पडला: क्वाडशिवाय ऑलिंपिक विजेता म्हणजे खेळ मागे चालला! मग संघटनेने क्वाडची किंमत वाढवली आणि शॉर्ट प्रोग्रॅममध्येही तिला मोकळीक दिली, म्हणजे मुलं धोका पत्करतील.

त्या व्हँकुव्हरमध्ये चॅन पाचवा आला होता, क्वाडशिवाय. तोवर क्वाडविना निभेल असं मानणाऱ्यांत तो होता. नियम बदलले आणि त्याच हंगामात त्याने क्वाड आत्मसात केली. ऑक्टोबर २०१० मध्ये किंग्स्टनच्या 'स्केट कॅनडा' स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तो वारंवार पडला, चौथ्या क्रमांकावर फेकला गेला, आणि तरी फ्री स्केटच्या जोरावर जिंकला. 'चॅनफ्लेशन'वाल्यांचा आवडता पुरावा तो हाच. पण यात घडलं काय? धोका पत्करा, असं संघटनेने सांगितलं, त्याने पत्करला, काही उड्या फसल्या, ठरलेल्या दराने दंड झाला, उरलेल्यात तो इतरांपेक्षा पुढे होता. दर चुकीचा होता असं म्हणा, मी तुमच्याबरोबर आहे. पण दुकानदाराने लावलेल्या भावात माल घेणाऱ्याला चोर कसं म्हणायचं? आणि सहा महिन्यांनी, एप्रिल २०११ मध्ये, मॉस्कोत काय झालं ते ही मंडळी सांगत नाहीत. जपानमधल्या भूकंपामुळे ती स्पर्धा टोकियोहून हलवली होती. तिथे चॅनने एकूण २८०.९८ गुण मिळवून तेव्हाचा जागतिक विक्रम केला आणि दुसऱ्या आलेल्या ताकाहिको कोझुकाला २२ पेक्षा जास्त गुणांनी मागे टाकलं. बावीस! इतक्या फरकात पडण्याची चर्चा कुठे बसवायची?

आता विरोधी बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. ते मी हलक्यात घेत नाही, कारण घेतलं तर हा लेखही त्या चित्रफितीइतकाच उथळ होईल. उड्यांचं गणित ठरलेलं असतं, कबूल. पण गुणांचा दुसरा अर्धा भाग सादरीकरणाचा असतो: धारेवरची हुकमत, दुवे (उड्यांमधल्या जागा जोडणाऱ्या हालचाली), सादरीकरण, रचना, संगीताची जाण, अशा त्या काळच्या पाच सदरांत प्रत्येकी दहापैकी. पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये त्यांची बेरीज दुप्पट होऊन शंभरावर जाई. प्रश्न असा: माणूस दोनदा पडला तर धारेवरची हुकमत तशीच राहिली असं मानू, पण 'सादरीकरण' तसंच कसं राहील? गाण्याची लय तुटली, प्रेक्षकाचा श्वास अडकला, आणि तरी त्या सदरात आठ-नऊच्या घरातले गुण? पाचही सदरं एकमेकांना चिकटून वर-खाली होतात, धारेला ९ दिले की बाकीच्यांनाही जवळपास तेवढेच, ही तक्रार खरी आहे. परीक्षकांनी पाच प्रश्नांना एकच उत्तर पाच वेळा लिहिलं. हा आळस होता आणि त्याचा सगळ्यात जास्त लाभ ज्याची धार सगळ्यात चांगली त्याला, म्हणजे चॅनला, झाला.

दुसरी गोष्ट, त्याच्या तिन्ही अजिंक्यपदांच्या काळात कुठल्या परीक्षकाने कोणाला किती गुण दिले हे लोकांना कळतच नव्हतं. सॉल्ट लेकच्या प्रकरणानंतर परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून नावं झाकली गेली, आणि ती थेट २०१६ मध्ये उघडी करायचं ठरलं. दबाव टाळण्यासाठी अंधार केला की त्या अंधारात काय चालतं याचा संशय येणारच. मतपत्रिका गुप्त असावी, पण निकालपत्र गुप्त कसं चालेल? ज्यांना त्या काळातल्या गुणांवर विश्वास नाही, त्यांना मी दोष देणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, ती संध्याकाळ. १५ मार्च २०१३, ओंटारिओतलं लंडन. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये चॅनने ९८.३७ मिळवले, तोही विक्रम. कझाकस्तानचा डेनिस टेन ९१.५६ वर. फ्री स्केटमध्ये चॅनने सुरुवातीच्या दोन्ही क्वाड देखण्या मारल्या आणि मग त्याचे पाय सुटत गेले. ट्रिपल लुट्झवर पडला, ट्रिपल ॲक्सलवर पडला. एकोणीस वर्षांच्या टेनने आयुष्यातलं सगळ्यात सुंदर स्केट केलं. फ्री स्केटचे गुण: टेन १७४.९२, चॅन १६९.४१. एकूण: चॅन २६७.७८, टेन २६६.४८. फरक १.३०. माझं मत विचाराल तर त्या संध्याकाळी सादरीकरणाच्या सदरांत परीक्षकांनी चॅनला जे दिलं त्यात दीड गुणाची सूट सहज निघाली असती. त्या एका पदकाबद्दल शंका घेणाऱ्याशी मी भांडणार नाही. टेनचा २०१८ मध्ये त्याच्याच अल्माटी शहरात चोरट्यांनी भोसकून खून केला, पंचविसाव्या वर्षी. त्यामुळे ते १.३० आता आणखी जड वाटतात. पण तो हळहळीचा हिशेब आहे, गुणांचा नाही, आणि दोन्ही एकात मिसळले की वाद करण्यात अर्थ राहत नाही.

गुणांच्याच हिशेबाने बघायचं तर हेही सांगायला हवं: टेन फ्री स्केटमध्ये जिंकलाच होता! पडण्याचा दंड झाला, साडेपाच गुणांनी चॅन त्या भागात हरला. तो तरला तो आदल्या भागातल्या जवळपास सात गुणांच्या आघाडीवर, आणि त्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तो पडला नव्हता. "पडूनही जिंकला" हे वाक्य इथे सरळ सरळ खोटं ठरतं. ज्या भागात पडला तो भाग हरला. ज्या भागात उभा राहिला तो जिंकला. बेरीज जेमतेम त्याच्या बाजूने गेली. एवढं लांबलचक वाक्य मात्र बारा सेकंदांत मावत नाही.

आणि मग सोचीचं ऑलिंपिक. फेब्रुवारी २०१४. हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण इथे पारडं नेमकं उलटं फिरलं. जपानचा युझुरु हान्यू शॉर्ट प्रोग्रॅममध्ये शंभरी ओलांडून १०१.४५ वर, चॅन ९७.५२ वर. फ्री स्केटमध्ये हान्यू आधी उतरला आणि दोनदा पडला. क्वाड साल्कोवर आणि ट्रिपल फ्लिपवर. दार सताड उघडं होतं. चॅनने पहिली जोडउडी अशी मारली की अख्खं ओटावा उभं राहिलं असेल. मग दुसऱ्या क्वाडवर हात टेकला, ॲक्सलवर पाऊल घसरलं, एक-एक करून छोट्या चुका साचत गेल्या. तो पडला मात्र नाही. फ्री स्केटचे गुण: हान्यू १७८.६४, चॅन १७८.१०. दोनदा पडलेला न पडलेल्यापेक्षा अर्ध्या गुणाने वर! एकूणात २८०.०९ विरुद्ध २७५.६२, सुवर्ण हान्यूला. मग त्या दिवशी कुठे होते ते महागाईवाले? हान्यूच्या नावाला कोणी शेपूट जोडलं? नाही, आणि जोडू नयेच. हान्यू त्या दिवशी नियमांप्रमाणे जिंकला. पण मग लंडनमधला चॅनही नियमांप्रमाणेच जिंकला होता, एवढं तरी म्हणा. एकाला मोजपट्टी आणि दुसऱ्याला छडी, असं कसं चालेल? (जाता जाता: हान्यूचा प्रशिक्षक होता ब्रायन ऑर्सर, १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाच्या दारातून रौप्य घेऊन परतलेला कॅनेडियन. पुरुष एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण कॅनडाला मिळालेलंच नव्हतं, आणि ते चॅनच्या हातून निसटलं तेव्हा जिंकणाऱ्याच्या शेजारी ऑर्सर बसला होता. असं कथेत लिहिलं तर संपादक परत पाठवेल.)

"परीक्षकांनी आधीच ठरवलेलं असायचं," हा शेवटचा आरोप उरतो. नावाला गुण मिळतात हे खोटं नाही. मैफिलीत बुवांची तान फसली तर आपण "आज आवाज जरा बसलाय" म्हणतो आणि तीच तान नवख्याची फसली तर "अजून तयारी हवी". परीक्षकही माणसंच. पण नुसत्या नावावरच सगळं चालत असतं, तर त्याच नावाला नोव्हेंबर २०१३ मध्ये पॅरिसला २९५.२७ चा विक्रम करून महिनाही झाला नाही तोच फुकुओकात हान्यूने कसं हरवलं? तीन वेळच्या जागतिक विजेत्याला सोचीत फ्री स्केटचे ते अर्ध्याहून जरासे जास्त गुण का मिळाले नाहीत? तिथे तर नुसती भुवई वर करून देता आले असते. आणि २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये, दहा वेळच्या राष्ट्रीय विजेत्याला, नववा क्रमांक? नावाची पुण्याई असती तर ती इतक्या वेळा नेमकी गरजेलाच दगा देती ना.

खरं तर चॅनला जर कोणी हरवलं असेल तर क्वाडच्या शर्यतीने. त्याची गोष्ट संपताना खेळ पुन्हा एकदा कूस बदलत होता. सोचीनंतर एक हंगाम त्याने विश्रांती घेतली. परतला त्या हंगामात चीनचा जिन बोयांग, अमेरिकेचा नेथन चेन अशी पोरं एका कार्यक्रमात चार-चार क्वाड मारायला लागली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तैपेईच्या 'फोर कॉन्टिनेंट्स' स्पर्धेत चॅन शॉर्ट प्रोग्रॅमनंतर पाचवा होता. फ्री स्केटमध्ये त्याने दोन क्वाड, दोन ट्रिपल ॲक्सल आणि बाकी सगळं एकही डाग न लागू देता केलं: २०३.९९. चार क्वाड मारणाऱ्या जिनला त्याने मागे टाकलं. शोपँच्या संगीतावरचं ते स्केट ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी चॅनबद्दल मत बनवण्याआधी एकदा पाहावं, आणि उड्यांच्या जागी डोळे मिटले तरी चालतील. मधल्या जागा बघा. पण ही तेजी टिकली नाही. पुढच्या हंगामात त्याने दुसऱ्या प्रकारची क्वाडही शिकून घेतली, वयाच्या पंचविशीत, आणि तरी आकडे त्याच्याविरुद्ध जात राहिले. प्योंगचांगला सांघिक प्रकारात मात्र कॅनडाला सुवर्ण मिळालं, आणि त्यात पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये पहिला आला तो चॅनच. एकेरीत नववा. दोन महिन्यांनी त्याने निवृत्ती घेतली.

तो गेला आणि त्याच वर्षी नियम बदलले. आता पडल्यावर उडीची मूळ किंमतच निम्मी होते, शिवाय एक गुणाची वजावट. मोठी चूक झालेल्या कार्यक्रमाला सादरीकरणात अगदी वरचे गुण देता येत नाहीत. सादरीकरणाची पाच सदरं २०२२ मध्ये तीनवर आली, कारण पाच प्रश्नांना एकच उत्तर लिहिण्याचा तो आळस संघटनेलाही दिसला असणार. म्हणजे टीकाकारांचं म्हणणं ऐकलं गेलं, आणि बरं झालं. मी एकदा हौसेने लंडनचा हिशेब नव्या दराने मांडून पाहिला. त्या दोन पडलेल्या उड्यांच्या जुन्या मूळ किमती ६.० आणि ८.५. तेव्हा त्यांतून २.१ आणि ३.० कापले गेले. आजच्या न्यायाने निम्मे, म्हणजे ३.० आणि ४.२५ कापले जातील. फरक सव्वादोनच्या आत-बाहेर. आघाडी होती १.३०. बाकी सगळं तसंच ठेवलं, तर सोनं अल्माटीला जातं.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, म्हणजे मी बरोबरच होतो." मी म्हटलं, तू २०१८ च्या नियमांनी २०१३ ची कुस्ती सोडवतो आहेस. त्याच न्यायाने सोचीत हान्यूची साल्को आणि फ्लिपही निम्म्यावर येतात, आणि तिथला ०.५४ चा फरक एका उडीतच पुसला जातो. निदान फ्री स्केट तरी चॅनचं ठरतं. तो गप्प झाला. मग म्हणाला, ती तैपेईची फीत पाठव. पाठवली. साडेचार मिनिटांची आहे, त्यामुळे बघितली की नाही कुणास ठाऊक.